बटण सोडा, स्टेशन दोन

आमच्या व्याह्यांसारखा हट्टी माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हे मी म्हणतोय म्हणजे बघा, कारण ते येईपर्यंत हा मान माझ्याकडं होता. त्यांची सगळी नोकरी पोलिसांच्या वायरलेसवर गेली. रिटायर झाले, पण जीभ काही ड्युटीवरून उतरली नाही. घरात चहा मागतानासुद्धा "चहा ठेवा, ओव्हर" म्हणतात, आणि आमच्या विहीणबाई कप समोर आदळून काय ते उत्तर देतात. एका वाक्यात भागत असेल तर दुसरं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी आमच्या घराण्याचं तासभर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजलं. पसंत हाय." जसा काही मी त्यांना पत्ता विचारला होता! लग्नात मात्र मुलाकडचे म्हणून आमच्या मानात त्यांनी कुठं कसर ठेवली नाही. फेटा, टॉवेल, नारळ आणि वाकून नमस्कार. हा नमस्कार ध्यानात ठेवा.

माझी दगडाची खाण आहे, अक्कलकोट रस्त्यापासून आत. चौथीत शाळा सोडून हातात पहार घेतली, आज खाण आहे, खडीचा क्रशर आहे, डंपर आहेत. खाण म्हणजे खोल खड्डा, आणि त्यात उतरायला एकच वाट, एका डंपरपुरती. वरून एक निघाला आणि खालून एक चढला की मध्येच दोघांची तोंडं भिडणार, आणि भरलेला डंपर त्या चढावर मागं घेणं म्हणजे जिवाशी खेळ. खड्ड्यात मोबाइलला रेंज नाही. पण रेंज हवी कशाला? मी होतो की! खड्ड्याच्या कडेवर उभा राहून "थांब रं" म्हटलं की तळातला डंपर थांबायचा. खाणीवर शब्द चालायचा तो माझा. मग नवे डंपर आले, बंद काचांचे, आत गार हवा आणि गाणी. मी कडेवर ओरडून लाल व्हायचो आणि ड्रायव्हर मान डोलवत वर यायचा. एकदा दोन डंपर अगदी नाकाला नाक लावून थांबले, तेव्हा माझ्या चिरंजीवानं मला न विचारता सासऱ्याला फोन केला. "वायरलेस लावू," सासरे म्हणाले. मला तेव्हा पटलं नव्हतं.

तरी म्हटलं, पोराचं मन मोडायला नको. बाजारात गेलो आणि खोकंभर सेट घेऊन आलो. व्याह्यांनी खोकं उघडलं आणि एकेका सेटची बॅटरी काढून आपल्या पिशवीत टाकायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"परवाना कुटं हाय?"

"कसला परवाना? माझी खाण, माझी हवा. माझ्या हवेत बोलायला मी दिल्लीला विचारू?"

"हवा तुमची. तरंग सरकारचा."

आणि माझ्या बॅटऱ्या घेऊन हा माणूस एसटीनं घरी गेला! दुसऱ्या दिवशी येऊन सेटही दुकानदाराला परत करून आला. मग अर्ज. खाणीचा नकाशा, अँटिनाची उंची, सेट किती, कुठं आणि कशासाठी वापरणार. मी म्हटलं, "कशासाठी म्हंजे? बोंबलायला, लिहा." त्यांनी तसं लिहिलं नाही. दिल्लीचं उत्तर येईपर्यंत उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि मी कडेवर घसा फोडत राहिलो. शेवटी परवाना आला तो त्यांनी काचेत मढवून ऑफिसात लावला, देवाच्या तसबिरीपेक्षा बोटभर वर.

खरा अपमान पुढंच. डंपरांत लहान सेट बसले, पत्र्याच्या ऑफिसात मोठा सेट बसला आणि त्याच्यापुढं व्याही बसले. ते स्टेशन एक, म्हणजे कंट्रोल. मी स्टेशन दोन. मुलाकडचे आम्ही, खाण माझी, आणि मीच दोन नंबर! लग्नात वाकून नमस्कार करणारा माणूस सेट हातात आला की वाघ व्हायचा. "स्टेशन दोन, आखूड बोला." "स्टेशन दोन, वाट मोकळी न्हाय, थांबा." मी एका ड्रायव्हरला त्याच्या लायकीच्या शिव्या दिल्या, तर सगळ्या खाणीला ऐकू जाईल असं, "साकु, स्टेशन दोन!" साकु म्हणजे कानडीत पुरे. ते मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे, रागावले की कानडीत जातात. आणि संध्याकाळी सेट ठेवला की पुन्हा हात जोडून, "येतो, पाव्हणं. काय चुकलं असंल तर माफी असावी." आता अशा माणसाशी भांडायचं कुठल्या तोंडानं? त्यातून लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा त्यांचा नेम. खाण जावयाची, म्हणून खाणीवरचंही नाही. बाटली घरून, डबा घरून, आणि पगाराचं नाव काढलं की त्यांना ऐकू येत नाही.

पण सगळ्यात मोठं भांडण बटणाचं. या सेटचं असं आहे, की बटण दाबलं की बोलायचं आणि सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. एकानं दाबून धरलं की बाकी सगळे मुके. आता मला बोलता बोलता सुचतं, आणि बटण सोडलं तर सुचलेलं जातं, म्हणून मी ते दाबूनच धरायचो. तिकडं व्याही "बटण सोडा, स्टेशन दोन" म्हणून ओरडत असणार, पण ते मला ऐकू येणार कसं? बटण दाबलेलं! मग ते लाल टॉवेल घेऊन, पॉलिश केलेल्या बुटांनी खडी तुडवत कडेपर्यंत पळत यायचे आणि टॉवेल हलवायचे. सगळे ड्रायव्हर काचा खाली करून हसायचे. ओरडून ओरडून ज्या काचा माझ्यासाठी कधी खाली झाल्या नाहीत, त्या!

एकदा चिडून मी सेट बंद केला, खिशात टाकला आणि खाली तळाशी दगडावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं भर उन्हातून व्याही उतरून आले, धापा टाकत.

"काय हो, काय झालं?"

"हाका मारून जाब आला न्हाय, तर मानूस पाठवायचा. नियम हाय."

"मग पाठवायचा की. मानसं काय कमी हायत व्हय हितं?"

"तुमाला काय झालं असतं तर? दुसऱ्याला कसं पाठवू?"

एवढं बोलून स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्याले आणि चढ चढून गेले. त्यांच्या मानानं ते भाषणच झालं.

एक काम मात्र त्यांनी माझ्याकडं ठेवलं. सुरुंगाच्या वायरी जोडायला घेतल्या की आसपासचे सगळे सेट बंद, कारण तरंगानं सुरुंग आधीच उडायची भीती. मग लोकांना इशारा द्यायचा तो गळ्यानंच. व्याही आपला सेट बंद करून उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आता तुमी." मला वाटायचं, मान दिला. विचारलं तर म्हणाले, "मान न्हवं. नियम." खोटं बोलायला यांचं काय जात होतं?

गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. जन्मभर तोलून बोललेल्या माणसाचा आवाज जातो आणि माझा शाबूत राहतो, हा कुठला न्याय? याचा मला अजून संताप येतो. कंट्रोलला चिरंजीव बसायला लागले. मी काहीही बोललो तरी "हो अण्णा", कितीही बोललो तरी "हो अण्णा". खाणीवर पुन्हा माझाच शब्द चालायला लागला, आणि मला जेवण गोड लागेना.

व्याही शहरातल्या आपल्या घरी खुर्चीत बसून रस्ता बघायचे. मी एक सेट पिशवीत घालून घेऊन गेलो. "धरा, नुसतं ऐका तरी." त्यांनी सेट हातात घेतला, उलटा केला, बॅटरी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आता बोलण्यासाठी जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहिलं: परवान्यात पत्ता खाणीचा.

मग मी पेटलो. ज्या परवान्याला एवढ्या शिव्या घातल्या, त्याच्यासाठी अर्ज भरून देणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन बसलो. तो म्हणाला, "काका, खाण तिकडं, मग कंट्रोल शहरात कशाला?" मी म्हटलं, "आमचा कंट्रोल जितं बसतो, तितं कंट्रोल. लिही तसं." पुन्हा नकाशा, पुन्हा उंची, पुन्हा दिल्ली. अखेर मंजुरी आली, व्याह्यांच्या गच्चीवर अँटिना चढला. त्यांनी आधी कागद पुरता वाचला, मगच सेटला हात लावला.

त्यांना बोलता येत नाही, पण बटण दाबता येतं. तिकडं दाबलं की इकडं आमच्या सेटमध्ये खर्र वाजतं. वाटेच्या तोंडाशी डंपर आला की ड्रायव्हर विचारतो, वाट सोडली की सांगतो, आणि वाटेत कोण आहे याचा हिशेब व्याही ठेवतात. एक खर्र म्हणजे थांब, दोन म्हणजे जा. आणि लागोपाठ खर्र खर्र खर्र म्हणजे साकु, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी काम संपलं की मी कडेवर उभा राहतो. सांगायला पुष्कळ असतं. पण मी एवढंच म्हणतो, "स्टेशन एक, सगळे डंपर वर आले, ओव्हर," आणि बटण सोडतो. लगेच सोडतो. मग सेट कानाला लावून उभा राहतो.