शालनपुढे फुंकणाऱ्या बाया

"शालन गेली, मॅडम..." संकेश्वरहून तिच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मी श्वास मोजायचं यंत्र तपासत होते. सकाळी चहा करता करता तिला हृदयविकाराचा झटका आला. दीड महिना झाला त्याला. मला रडू आलं. पण त्याआधी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. आता तरी बाया माझं ऐकतील, असं आलं.

दम्यावरच्या आमच्या अभ्यासात मी डॉक्टर, ती टेक्निशियन. वाफेतून औषध देऊन श्वासनळ्या मुद्दाम किंचित आवळायच्या आणि नळीत फुंकायला लावून त्या किती आवळल्या ते यंत्रावर मोजायचं. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बाया यायच्या. माझ्यापुढे त्या अर्ध्यातच थांबत आणि यंत्र नोंद घेत नसे. शालन समोर उकिडवी बसायची. "सोड गं आक्का, सोड... आणि थोडं... थांबू नको!" बाई पार रिकामी होईपर्यंत फुंकायची. शालनची आई वखारीतच राबलेली. मी टिळकवाडीची, बंगल्यात वाढलेली. मला तिचा हेवा वाटायचा, लई वाटायचा.

एकदा एक बाई तोंडावर म्हणाली, "तुमी नको, शालनआक्काला बोलवा." त्याच आठवड्यात मी शालनला अभ्यासाच्या दुसऱ्या, मच्छेच्या केंद्रावर पाठवलं. कागदावर कारण लिहिलं, 'कामाची सोय'. "बरं, मॅडम," एवढंच ती म्हणाली.

महिनाभर माझ्या नोंदी वाया गेल्या. बाया येईनाशा झाल्या. शेवटी मीच मच्छेला गेले. परत ये म्हटलं.

"येतो की. पण मला पाठवलंत कशाला?"

"तुझ्यापुढं त्या फुंकतात म्हणून."

ती हसली नाही. "मग माझ्याकडनं शिकून घ्यायचं न्हाय व्हय?"

ती परत आली. पुढची कितीतरी वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं. पण शिकायला मी कधी तिच्याशेजारी उकिडवी बसले नाही. तिच्या पुण्यानुमोदनाला, त्या शोकसभेला, निपाणीहून बाया टेम्पो करून आल्या, धाय मोकलून रडल्या. माझ्यासाठी यातल्या किती आल्या असत्या, हाच विचार मी तिथंही करत होते...

गेल्या आठवड्यात तपासणी पुन्हा सुरू केली. स्क्रीन दिसली की बाया बिचकतात, म्हणून शालन खुर्ची खिडकीकडं फिरवून ठेवायची. मी रोज संध्याकाळी ती यंत्रासमोर सरळ लावून जाते. सकाळी पहिली बाई येते, मला न विचारता खुर्ची खिडकीकडं ओढते, आणि बसते.