बांधावरच्या आंब्यातली घुबडे

हे सांगायचे मी आजवर टाळत आलो. बोईसरला कारखाने आले आणि घुबडे गेली, असे लोक म्हणतात तेव्हा मीही मान डोलावतो. आमच्या बेटेगावच्या शेतातली घुबडे मात्र त्याआधीच, साठच्या दशकात गेली. ती मी घालवली.

आमच्या आणि शेजारच्या काकीच्या शेताच्या बांधावर एक जुना, पोकळ आंबा होता. झाड दोघांचे सामाईक. त्याच्या ढोलीत गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. काकी विधवा, तेवढ्या एका तुकड्यावर तिचे पोट. माझ्या बाजूला सावलीत भात पोसत नव्हते, म्हणून झाड तोडू या, असे मी म्हणालो.

"सावलीतलं चार मुठी भात त्यांचा पगार समज," ती म्हणाली. "राखण करतात ती."

"पगारी घुबडं? मग हजेरीपण घेत असशील, काकी."

"घेते ना. तुज्यापेक्षा जास्त दिवस भरतात."

कापणीनंतर ती लेकीकडे मासवणला गेली. त्या चार दिवसांत मी आंबा पाडला. ढोली फुटली तेव्हा आतून उंदरांच्या कवट्या आणि हाडे निघाली, घमेलेभर. तेव्हाच मला कळायला हवे होते. दोन दिवस तिन्हीसांजेला ती जोडी तिथल्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिली, मग दिसेनाशी झाली. तारापूरकडे बांधकामे सुरू झाली होती. वीटभट्ट्यांच्या जळणापायी इतर बांधांवरची जुनी झाडेही गेली होती. दुसरी ढोली त्यांना मिळाली नसावी.

काकी परतली. "वाऱ्यानं पडला," मी सांगितले. कुऱ्हाडीचे घाव दिसू नयेत म्हणून बुंधा आधीच जाळला होता. ती राखेकडे पाहत राहिली. "वाऱ्याला काय बोलणार," एवढेच म्हणाली.

पुढचे दोन हंगाम उंदरांनी दोघांचेही उभे भात कापले. मला दुसरे शेत होते. काकी बिळे खणून उंदरांनी साठवलेल्या लोंब्या काढायची. शेवटी तुकडा पडीक टाकून लेकीकडे राहायला गेली.

एकदा मी नवे तांदूळ घेऊन मासवणला गेलो. ती ओटीवर बसली होती.

"घुबडं आली का रे परत?"

"नाय, काकी."

"वारा वाईट हाय तो," ती म्हणाली.

मी चहा संपवून उठलो. पुढच्या खेपेला सांगू, असे ठरवले. पुढच्या खेपेला ओटीवर लेक एकटीच होती.

काकी, वारा नव्हता गं. मी होतो. चुकलो.