ज्या नकाशात माझं गाव नव्हतं

दुसरी मोठी लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. पुण्याच्या फ्लाइंग क्लबात मी विमान चालवायला शिकत होतो. सांगलीला कॉलेज झालं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांनी, म्हणजे आबांनी, अट घातली होती की या हंगामात लायसन मिळालं तर ठीक, नाहीतर कोरेगावजवळच्या आमच्या खेड्यात परत यायचं आणि ऊस बघायचा. आता एकच परीक्षा उरली होती. एकट्यानं साताऱ्यावरून, कराडवरून सांगलीच्या माळावर उतरायचं. वाट चुकली तर त्या हंगामात दुसरी संधी नव्हती.

शिकवणारे साहेब लढाईत वैमानिक होते. ते म्हणाले, "नकाशा तुमचा तुम्ही निवडा. पण एकच न्यायचा. दोन नकाशे म्हणजे दोन मतं. वर बसून भांडण सोडवत बसणार का?"

बाजारात दोन प्रकारचे नकाशे मिळत. एक सरकारी मोजणीचा. त्यात ओढे, विहिरी, देवळं, गाडीवाटा, सगळं होतं. दुसरा परदेशी फौजेनं लढाईत वैमानिकांसाठी छापलेला, आता स्वस्तात निघालेला. त्यात डोंगरांना गडद रंग, मोठ्या नद्या, रेल्वे आणि होकायंत्राच्या रेषा. बाकी फारसं काही नाही. मला काही ठरवता येईना. दोन्ही घेऊन मी गावी गेलो.

आबा फौजेतून पेन्शनवर आलेले. त्यांनी दोन्ही नकाशे ओसरीवर पसरले, कोपऱ्यांवर तांबे ठेवले, आणि सरकारी नकाशावर बोट टेकून ओरडले, "आरं, आपलं गाव हाय की ह्यात! वढ्यासकट! मंग इचार कसला करतोस? ह्योच घे."

खरं सांगायचं तर माझंही मन तिकडेच ओढत होतं. आपलं गाव ज्याला माहीत आहे, तो नकाशा आपल्याला फसवणार नाही असं वाटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गावामागच्या डोंगरावर चढलो. खाली पाहिलं. झाडांचे पुंजके, मातीच्या धाब्याची घरं, उसाचे हिरवे तुकडे. चार गावं एकसारखी दिसत होती.

"आबा, यातलं आपलं कुठलं?"

आबांनी बराच वेळ पाहिलं. "त्ये... न्हाई, त्याच्या पल्याडचं आसंल."

पण जरंडेश्वराचा डोंगर लगेच ओळखू आला. रेल्वेची रेघही दिसली. तिथंच मी ठरवलं. वरून जे दिसणार, तेवढंच ज्यात आहे तो नकाशा घ्यायचा.

त्या रात्री सरकारी नकाशात बघून मी दुसऱ्यावर पेन्सिलीनं तीन संगम नीट काढले: माहुली, कराड आणि हरिपूर.

"आपल्या गावाला बी एक टिंब दे की," आबा म्हणाले.

"ते वरून दिसत नाही, आबा. आणि वाटेवरही नाही."

"दिसत न्हाई? मंग दिसंल आसं करतो. डोंगरावर धोतरं पसरतो. जरा डावीकडं वळलास की झालं!"

मी नकाशाची घडी घातली. हो म्हणायची हिंमत नव्हती आणि नाही म्हणवत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी हवा धुरकट होती. माहुलीचा संगम उजवीकडे मागे पडला, जरंडेश्वर डावीकडे आला. त्याच्या पलीकडेच गाव. हात विमान वळवायच्या काठीवर होता. जरासं वळायचं, बस. तेवढ्यात होकायंत्राकडे लक्ष गेलं. वाऱ्यानं मला आधीच डावीकडे ढकललं होतं. आणखी वळलो असतो तर परत वाट कुठून धरायची, हे मला सांगता आलं नसतं. मी उजवीकडे नाक वळवलं आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

मग बराच वेळ ओळखीचं काही दिसेना. अखेर धुरातून दोन नद्या समोरासमोर येऊन भिडलेल्या आणि तिथून पूर्वेला वळलेल्या दिसल्या. कराड. बोट नकाशावर होतंच. पुढे उजवीकडे एक मोठं गाव गेलं, बहुधा आष्टा. ते माझ्या नकाशात नव्हतं. पण मी दिशा सोडली नाही. हरिपूरच्या घाटावर बसून मी कॉलेजचा अभ्यास केला होता. तोच संगम आता पंखाखाली आला, आणि थोड्या वेळानं मी माळावर उतरलो.

लायसन घेऊन घरी गेलो. आई वाळत घातलेली धोतरं काढत होती. दगड ठेवलेल्या जागी तांबड्या मातीचे डाग अजून गेले नव्हते.

"दिसली का रं?" आबांनी विचारलं.

"नाही, आबा. मी वळलोच नाही."

त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"आमाला दिसलास. लय लांब, जरंड्याच्या अंगाला. समदं गाव म्हनत हुतं, आता वळंल, आता वळंल. म्या म्हनलं, गप बसा रं. बघा, किती सरळ चाललाय."