दुसऱ्या गिअरमधले ॲव्हरेज

आमच्या भागात गाडीवाला भेटला की त्याची प्रकृती विचारण्याआधी "का देते?", म्हणजे काय देते, असे विचारतात. एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, असा त्या प्रश्नाचा अर्थ. याला सगळेजण ॲव्हरेज म्हणतात. सांगणाऱ्याने खऱ्या आकड्यात दोन-तीन मिळवून सांगावेत आणि ऐकणाऱ्याने ते मनातल्या मनात वजा करून घ्यावेत, असा येथील अलिखित शिष्टाचार आहे. मला तो ठाऊक नव्हता. अकोल्याच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे ग्रंथपाल होते. त्या जागेवर बसून पुस्तकाची पृष्ठसंख्या दोनने वाढवून सांगण्याची सवय कोणालाच लागत नाही.

निवृत्तीनंतर मी डोणगावजवळच्या शेतावर, धाकट्या भावाकडे राहायला आले. भाऊ मिरची, वांगी आणि टोमॅटो पिकवतो. माल मेहकरला, कधी सुलतानपूरवरून पुढे जालन्याला जातो, आणि त्यासाठी त्याने एक पिकअप घेतली होती. ती चालवायला एक वयस्क गृहस्थ होते. वीस-बावीस वर्षे चाकामागे घालवलेले. सगळे गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. माझी भावजय पहाटेपासून शेतात, भाऊ शेतात, मामा गाडीवर. मी एकटीच ओट्यावर बसून वर्तमानपत्राची घडी पुन्हा पुन्हा नीट करत असे. मला काही काम द्या, असे म्हणण्याचे धाडस होईना. शेवटी एके दिवशी भाऊ आपणहून म्हणाला,

"ताई, ह्या गाडीचं ॲव्हरेज काढ ना तू. मले तं फाट्यावर लोक विचारतात अन् मी काहीबी सांगून देतो."

मी त्याच दुपारी वही आखली. तारीख, काट्यावरचे किलोमीटर, लिटर, मालाचे अंदाजे वजन, रस्ता, आणि शेवटी शेरा. पद्धत मी नीट वाचून घेतली होती: टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी हवी तितकी चालवायची, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची; दुसऱ्यांदा जितके लिटर बसले, तितकेच जळले. यात न समजण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच की आमच्याकडे कोणी टाकी भरत नाही. पंपावर जो तो "पाचशेचं टाक" म्हणतो. पहिल्या दिवशी मामांच्या शेजारी बसून मी खिडकीतून "टाकी पूर्ण भरा" म्हणाले, ते इतक्या हळू की पंपावरच्या माणसाने कानामागे हात नेला.

"फुल्ल!" मामा ओरडले. "बाई हिशेब करून राह्यल्या!"

पंपवाल्याने नळी आपोआप बंद होईपर्यंत भरले, मग गाडीच्या बाजूला खांदा लावून तिला गदागदा हलवले, बुडबुडे निघून गेल्यावर आणखी थोडे भरले आणि पुन्हा हलवले. मी कॅबिनमध्ये बसल्या जागी डुलत होते. पुढे दर वेळी हाच विधी झाला. शास्त्रीय काटेकोरपणा म्हणून मीही त्याला आक्षेप घेतला नाही. उलट शेऱ्यात "तीनदा हलवली" अशी नोंद करू लागले.

पहिल्या महिन्यात आकडा साडेचौदाच्या आसपास स्थिर राहिला. भाऊ खूश झाला. फाट्यावर त्याने अठरा सांगितले.

याच सुमारास मला गाडी शिकण्याची इच्छा झाली. ही इच्छा मी कोणाला सांगितली नव्हती; पण शिकाऊ परवान्याचा अर्ज भावजयीला सापडला आणि तिने तो मामांच्या हातात ठेवला. मामांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला. "मंग उद्या सकाळी साडेसहाले," एवढेच म्हणाले.

रोज सकाळी शेतापासून फाट्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. फाट्यापर्यंत माझे बरे चाले. मी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेले नाही, कारण तिसरा टाकताना क्षणभर रस्त्यावरून मन काढावे लागते आणि ते मला जमत नव्हते. मामा डाव्या बाजूला मांडीवर डबा घेऊन बसत. इंजिन रडल्यासारखे आवाज करी, आणि मामा "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत. आपल्या आसनावरची उशी, जी त्यांच्या पत्नीने शिवली होती, ती त्यांनी मला दिली होती. तिच्याशिवाय मला बोनेटच्या पलीकडचे दिसत नसे.

खरी कसोटी फाट्यावर होती. तेथे गाडी वळवावी लागे, आणि वळणाच्या अगदी समोर चहाचे दुकान आहे. बाकावर सहा-सात माणसे असत. त्यांच्यासमोर मागे-पुढे करत गाडी वळवणे मला अशक्य वाटे. म्हणून मी अलीकडेच, बाभळीखाली, गाडी उभी करून ती माणसे उठण्याची वाट पाहत असे. इंजिन बंद करत नसे. कारण बंद केलेली गाडी पुन्हा सुरू करताना मी एकदा ती सगळ्यांदेखत उडी मारल्यासारखी पुढे नेली होती. ती माणसे उठत नसत. मला पुष्कळ दिवसांनी कळले की मी गाडी वळवलेली पाहायला म्हणूनच ती बसून राहत. ती उठेपर्यंत मी थांबे, आणि मी वळवेपर्यंत ती थांबत. अर्धा तास, कधी पाऊण तास असा जाई. अखेरीस एखादी एसटी आडवी आली की तिच्या आडोशाने मी वळवून घेई.

वहीत मी या सरावाची नोंद न चुकता केली. आठ किलोमीटर, शेरा: सराव.

पुढच्या आठवड्यात ॲव्हरेज तेराच्या खाली आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात बारा. मी हवेचा दाब तपासून घेतला, वजनाचा रकाना पुन्हा जुळवला, भागाकार तीनदा केला. आकडा हलला नाही. मी तो भावाला दाखवला, आणि आपले काम चोख झाल्याचे थोडे समाधानही मला वाटले, हे कबूल केले पाहिजे.

भावाने ही गोष्ट फाट्यावर बोलून दाखवली. तेथे कोणीतरी लगेच निदान केले: "मामा नळी टाकत असन बे. टाकीत नळी टाकली, तोंडानं ओढली, का कॅन भरली."

भाऊ स्वभावाने वाईट नाही. पण त्याला समोरासमोर बोलता येत नाही. हा दोष आमच्या घराण्याचाच आहे. त्याने मामांना चोर म्हटले नाही. गाडीच्या चाकाकडे पाहत तो म्हणाला, "मामा, दोन दिवस आराम करा."

मामांनी किल्ली ओट्यावर ठेवली, कॅबिनमधून आपला डबा, शेला आणि उशी घेतली, आणि पायी निघाले. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिले.

तिसऱ्या दिवशी कळले की सुलतानपूरच्या एका गाडीवाल्याने मामांना कामावर घेतो म्हणून सांगून नंतर नाही म्हटले. नळीची बातमी तेथवर पोहोचली होती. पुरावा काय, तर म्हणे, घरच्या शिकलेल्या बाईने वहीत लिहून ठेवले आहे. भावाने मला वहीची स्वच्छ प्रत काढायला सांगितली. मामांचे नातेवाईक भांडायला आले, तर दाखवता येईल.

मी स्वच्छ प्रत काढायला बसले. अक्षर सुवाच्य काढायचे म्हणून सावकाश लिहीत होते, आणि सावकाश लिहिल्यामुळेच लक्षात आले: आकडा ज्या आठवड्यात घसरला, त्याच आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदा "सराव" आला होता. सरावाचे किलोमीटर मी धरले होते. पण बाभळीखाली उभ्या गाडीने जे जाळले, त्याचे किलोमीटर नसतात. काटा पुढे जात नाही आणि डिझेल मात्र जाते. मी वजनाला रकाना ठेवला, रस्त्याला ठेवला, हलवण्यालासुद्धा जागा ठेवली. उभ्या गाडीसाठी ठेवला नाही.

पेन तसेच ठेवून मी मागच्या अंगणात गेले. भावजय मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिला सगळे सांगितले. ती जुडी हातात धरून ऐकत राहिली.

"मंग सांगा ना त्याहिले."

"कसे सांगू?"

"आता मले सांगितलं तसं."

हे तिला सोपे होते. मला पाच दिवस लागले. दोनदा मी भावाच्या मागे शेताच्या टोकापर्यंत गेले आणि मिरचीला बहर चांगला आहे, असे म्हणून परत आले. एकदा चिठ्ठी लिहिली. ती त्याने चष्मा नसल्याने न वाचता खिशात घातली आणि धुण्यात गेली. शेवटी जेवताना, भावजयीने ताटाआडून मला पायाने ढोसल्यावर, मी एका दमात सांगून टाकले.

भाऊ घास थांबवून म्हणाला, "ताई, तू त्याले वाचवून राह्यली."

"नाही रे. मीच जाळले."

"तू दिवसाले आठ किलोमीटर चालवते. त्यात का जळन?"

"उद्या टाकी भर," मी म्हणाले, "आणि माझ्याशेजारी बस. मी रोज करते तसेच करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने गाडी पंपावर नेली. गळ्यापर्यंत भरली, तीनदा हलवली. मग तो गाडी शेतावर परत घेऊन आला आणि मी चाकामागे बसले. उशी नव्हती; भावजयीने गोधडीची चौघडी करून दिली होती. पहिला गिअर, दुसरा गिअर. इंजिन रडू लागले.

"तिसरा टाक," भाऊ म्हणाला.

"टाकत नाही मी."

"कधीच?"

फाट्याच्या अलीकडे, बाभळीखाली, मी गाडी उभी केली. बाकावर सातजण होते. बरेच दिवस मी गाडी वळवायला आले नव्हते, त्यामुळे ते उत्साहाने सरसावून बसले.

"आता काऊन थांबली?"

"लोक आहेत."

"तं मंग?"

"बघतायत."

"पाहू दे ना! त्याहिचे डोळे हायेत!"

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. इंजिन धडधडत होते. दहा मिनिटांनी भाऊ घड्याळ पाहू लागला, वीस मिनिटांनी त्याने ते पाहणे सोडले. मध्येच तो खिडकीतून बाकावरच्यांना म्हणाला, "अरे उठा ना बे!" त्यावर उत्तर आले, "आमी तं कवाचे वाट पाहून राह्यलो भाऊ! आमचा दुसरा चहा झाला, बाईले म्हणा आता वळवा!" भावाने कपाळाला हात लावला. चाळीस मिनिटांनी मेहकरची एसटी आली, मी वळवले, आणि त्याच दुसऱ्या गिअरमध्ये शेतापर्यंत जाऊन आम्ही फाट्यापलीकडच्या पंपावर परतलो. या वेळी फाट्यावरून पुढे जाताना मी थांबले नाही. वळायचे नसले की मला भीती नसते.

सगळे मिळून अठरा किलोमीटर झाले होते. पंपवाल्याने भरले, हलवले, भरले. तीन लिटरला किंचित कमी. भावाने बोटांवर भागाकार केला आणि माझ्याकडे पाहिले.

"सहा?" तो म्हणाला. "ताई, टँकर चालवून राह्यली का तू?"

टोमॅटोचे कॅरेट चढवून आम्ही मामांच्या घरी गेलो. मामा अंगणात बाज विणत होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"मामा, चला," भाऊ म्हणाला. "मेहकरले माल न्याचा हाये."

"मले दोन दिवस आराम सांगितला होता. आज नऊ झाले. अजून आराम झाला नाई."

"चुकलं माह्यं."

"का म्हणलं?"

"चुकलं म्हणलो ना मामा!"

मामांनी दोरी ताणून गाठ मारली. "इथं नका म्हणू. इथं माह्या बायकोशिवाय मले कोणी चोर म्हणत नाई. फाट्यावर म्हणा."

मग मी, मला जितके मोठ्याने बोलता येते तितक्या मोठ्याने, विचारले, "मामा, तुम्ही माझ्या शेजारीच बसत होता. तुम्हाला ठाऊक होते. सांगितले का नाही?"

मामा पहिल्यांदा माझ्याकडे वळले. त्यांना खरेच आश्चर्य वाटलेले दिसले. "बाई, वही तुमच्यापाशी होती. मी म्हणलो, इतकं शिकलेलं माणूस हाये, लिहिलंच असन."

भावाने खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

फाट्यावर गाडी मामांनी चालवत नेली, तिसऱ्यात, चौथ्यात, आवाजसुद्धा न होता. चहाच्या दुकानासमोर त्यांनी थांबवली आणि इंजिन बंद केले. भाऊ खाली उतरला, बाकासमोर उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "मामानं डिझेल काढलं नाई," तो म्हणाला. "नळी-बिळी काही नव्हती. आमच्या ताईनं जाळलं. इथंच, बाभळीखाली. मी डोळ्यानं पाह्यलं. माह्यीच चूक झाली."

सातही जणांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीत होते आणि एसटी कुठेच नव्हती. "खरे आहे ते," मी म्हणाले. "माझ्यामुळेच झाले."

मग ज्याने नळीचे निदान केले होते, तोच खाली पाहत म्हणाला, "मामा, चहा घेता का?"

"माल मऊ पडून राह्यला," मामा म्हणाले. "येताना घेतो. दोन कप."

भाऊ कॅबिनकडे आला. आत तिघांपुरती जागा होती, मी सरकलेही होते. पण मामांचा चेहरा पाहून तो मागे गेला आणि टोमॅटोच्या कॅरेटांवर चढून बसला. मामांनी आरसा नीट केला. आमच्या भागात मामांची ख्याती अशी, की त्यांच्या गाडीतले अंडेसुद्धा तडकत नाही. त्या दिवशी मेहकरपर्यंत त्यांनी एकही खड्डा चुकवला नाही.