भागाईचा ठेचा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी चष्मा हरवला तरी सांगतो, कारण तो शोधून तीच देते. तुमचं बरं आहे. तुम्ही समोर नाही, मध्येच भुवया उंचावणार नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. निदान सुरुवात तरी जमली.

मी वेरूळला गाइड आहे. बावीस वर्षं झाली. रोज सकाळी मोटारसायकल काढायची, दौलताबादचा घाट चढायचा, खुलताबाद मागं टाकायचं आणि दहाच्या आत लेण्यांपाशी उभं राहायचं. बोलणं हाच माझा धंदा. एका खांबासमोर उभं करा, पाऊण तास बोलेन. पण हे एक साधं वाक्य बोलायला मला इतकी वर्षं पुरली नाहीत — याला काय म्हणायचं?

सरळ मुद्द्यावर येतो. म्हणजे, जरा वळसा घेऊन येतो.

माझी मुलगी सुजाता आठवीत होती तेव्हा तिला आधी टायफॉइड झाला आणि मग कावीळ. वर्ष हातचं गेलं. शाळा म्हणाली, पुन्हा आठवीत बसवा. सुजा म्हणाली, बसणार नाही. ती एकदा नाही म्हणाली की घाटातला दगड हलेल, ती हलणार नाही. मग मंगल, माझी बायको — ती नर्स आहे, तिला रडत बसायची सवय नाही — म्हणाली की घरीच शिकवू. दहावी-बारावीची परीक्षा मुक्त शाळेतून देता येते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण ते झाले पाच विषय. बाकी वेळ पोरीनं करायचं काय?

मंगलनं फोनवरच्या पालकांच्या कुठल्याशा ग्रुपमधून एक तक्ता मिळवला. विषय, तास, क्रेडिट, आणि शेवटच्या रकान्यात शिकवणाऱ्याची सही. साठ तास भरले की एक क्रेडिट. चार वर्षांची अशी फाइल तयार करायची आणि पुढं एखाद्या चांगल्या कॉलेजात मुलाखत असेल तेव्हा ती समोर ठेवायची. तक्ता फ्रिजवर चिकटला आणि आमच्या घरातला निवांतपणा संपला.

कारण मग जे दिसेल त्याचे तास लावायची चटकच लागली आम्हाला. दौलताबादचा किल्ला चढून आलो, तर शारीरिक शिक्षण दोन तास, भूगोल एक तास. किल्ल्यातल्या अंधाऱ्या वाटेवर वटवाघळं दिसली, तर मी जीवशास्त्राचा अर्धा तास मागितला. मंगलनं तो खोडला. म्हणाली, वटवाघळं तुम्ही बघितली, पोरगी डोळे मिटून पळाली. सिल्लोडच्या मामाकडं चार दिवस मक्याच्या आडतीवर बसली, ते वाणिज्य. मंगलचं ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या मागं लागली, ते आरोग्यशास्त्र. एकदा तर सुजानं भावकीतल्या भांडणाला हजर राहिल्याचे दोन तास नागरिकशास्त्रात टाकले होते. ते मात्र मंजूर झाले.

गणिताला शिकवणी लावली, इंग्रजीला लावली. अख्ख्या तक्त्यात एकच विषय असा होता की ज्याला बाहेरचं कुणी लागणार नव्हतं. इतिहास. तिथं शेवटच्या रकान्यात माझी सही. तुम्हाला काय सांगू — बारावी काठावर पास झालेला माणूस मी, पण त्या रकान्यात सही करताना माझा हात असा काही वळायचा की जणू विद्यापीठाचा कारभार माझ्याकडंच आहे. सुजा सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत वेरूळला यायची, गटाच्या मागं वही घेऊन उभी राहायची आणि मी बोलेन तो शब्द लिहून घ्यायची. अगदी शब्द न् शब्द. आता कळतंय का, मी कशाच्या भोवती फिरतोय ते?

तर भागाई.

कडेला एक लहानसं लेणं आहे. मोठे गट तिकडं फारसे जात नाहीत. तिथं जमिनीत वाटीएवढा एक खळगा आहे. सुजा तेव्हा पहिलीत-दुसरीत असेल. भर दुपारची वेळ, मी उपाशी, डबा पाठीवरच्या पिशवीत, डब्यात भाकरी न् ठेचा. आणि गटातले एक निवृत्त मुख्याध्यापक त्या खळग्यावर काठी टेकवून म्हणाले, हे कशासाठी केलं असावं? मला माहीत नव्हतं. तसं सांगायचं की नाही? एवढंच तर म्हणायचं होतं. पण गाइडच्या तोंडून तेवढे दोन शब्द निघत नाहीत हो. सगळं काही निघतं, ते निघत नाहीत.

मी म्हणालो, इथं भागाई ठेचा कुटायची.

भागाई कोण? मलाही त्याच क्षणी कळत होती. भागाई म्हणजे लेणी कोरणाऱ्यांना जेवू घालणारी बाई. ज्यानं दिवसभर नीट काम केलं त्याला भाकरीवर ठेचा आणि वर लोण्याचा गोळा. ज्याच्या हातून मूर्तीचं नाक उडालं त्याला कोरडी भाकरी. त्या धाकानं म्हणे कारागिरांचा हात कधी चुकला नाही, आणि या लेण्यात एकही नाक तुटलेलं नाही. मुख्याध्यापकांनी काठी वर करून एक तुटकं नाक दाखवलं. मी म्हणालो, त्या दिवशी भागाई माहेरी गेली होती.

गट खूश. एका बाईंनी खळग्यात बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाल्या, अजून येतो हो. आता सांगा, इतकं यश मिळाल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

दुसऱ्या दिवशी मी ती गोष्ट पुन्हा सांगितली, तिसऱ्या दिवशी भागाईला मुलगा झाला, महिन्याभरात सासू आली. बाकीच्या गाइडांनी ऐकली आणि उचलली. रशीदभाई, माझा जुना सोबती, हिंदीतून सांगायला लागला. खाली रस्त्यावरच्या कांताबाईंनी हॉटेलवर पाटी लावली — भागाईचा ठेचा मिळेल. चार-पाच वर्षांत तर बाहेरचे लोक मलाच विचारायला लागले, की ते भागाईचं लेणं कुठलं? मी वाट दाखवायचो.

इथवर हे हसण्यावारी नेता येतं. मीही नेलं. पर्यटकाला मारलेली थाप बसमध्ये बसून निघून जाते. घरात राहत नाही.

पण बारावीच्या वर्षी तक्त्यात चार क्रेडिट कमी पडत होते. मंगलनं हिशेब काढला, म्हणाली, एक मोठा प्रकल्प कर, दोनशे चाळीस तासांचा, स्वतःचा विषय शोध. सुजानं आठवडाभर विचार केला. मी चहा पीत होतो तेव्हा येऊन म्हणाली, "पप्पा, विषय सापडला. भागाई."

चहा गरम होता म्हणून मी लगेच बोललो नाही. नंतर थंड झाला, तेव्हाही खरं बोललो नाही. मी म्हणालो, छान विषय आहे.

का म्हणालो? भीती होती — चार वर्षांच्या इतिहासाच्या रकान्यात माझ्याच सह्या, एक गोष्ट खोटी निघाली तर बाकीच्या गोष्टींकडं ती कशी बघेल? हे खरंच आहे. पण त्याहून लाजिरवाणं सांगतो. मला आनंद झाला होता. माझी गोष्ट तिनं निवडली होती.

सुजा कामाला लागली. सात जणांच्या मुलाखती घेतल्या. गाइड, हॉटेलवाले, लेण्यांच्या पायऱ्यांवर बसणारी एक म्हातारी. सातही जणांनी सांगितलं की ही गोष्ट पूर्वापार चालत आलेली आहे. रशीदभाई तर म्हणाला, त्याचे वालिद त्याला मांडीवर घेऊन सुनवायचे. त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, ते कुणाला मांडीवर घेणाऱ्यातले नव्हते. मी त्याला एकटं गाठून विचारलं, हे काय बोललास? तो म्हणाला, "तेरीच बेटी ना रे. 'माहीत नाही' म्हणून तिला परत कसं पाठवू?"

सात साक्षीदार. सगळे स्वतंत्र, असं तिनं फाइलमध्ये लिहिलं. आणि त्या सातांच्या मुळाशी मी, फ्रिजला टेकून उभा.

मग एक दिवस सुजा पुस्तक घेऊन आली. म्हणाली, पप्पा, मोठी गडबड आहे. मिरची तर आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली. लेणी त्याच्या कितीतरी शतकं आधीची. मग भागाई ठेचा कशाचा कुटत होती?

खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. सुटलो, असं वाटलं. आता पोरगीच म्हणणार की गोष्ट बनावट आहे, मी आश्चर्य दाखवणार आणि ती दुसरा विषय घेणार. पण तिचा चेहरा उजळलेला होता. तिनं ते सोडवून आणलं होतं. मुळात काळी मिरी असणार, ती म्हणाली. पुढं मिरची आली तशी लोकांनी गोष्टीत मिरी काढून मिरची घातली. म्हणजे गोष्ट मिरचीहून जुनी आहे. यावर तिनं आख्खं प्रकरण लिहिलं, अकरा पानांचं. इतकं नेटकं, इतकं अभ्यासपूर्ण, की वाचता वाचता मलाच वाटायला लागलं, असेलही.

मी शेवटच्या रकान्यात सही केली. शेऱ्याच्या जागी 'उत्कृष्ट' लिहिलं. चार क्रेडिट.

पुण्याच्या एका कॉलेजात तिची मुलाखत झाली. ती बाहेर आली तेव्हा नाचायचीच बाकी होती. म्हणाली, त्यांनी बाकी काही विचारलंच नाही, वीस मिनिटं मिरचीवरच बोलत होते. प्रवेश मिळाला. मंगलनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि घरी शिकवण्याबद्दल ज्यांनी नावं ठेवली होती त्यांच्या दारात आधी गेली. मीही एक पेढा खाल्ला. गिळला गेला.

तेव्हा तरी सांगायचं होतं. पहिल्या वर्षी सांगायचं होतं, दुसऱ्या वर्षी सांगायचं होतं. ती फोनवर अभ्यासाबद्दल बोलायची आणि मी म्हणायचो, जेवलीस का?

आता ती शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंध लिहायचा होता. विषय कोणता घेतला असेल, ते तुम्हीच ओळखा. तिच्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं, की या गोष्टीचा सगळ्यात जुना सांगणारा शोध. म्हणून एका रविवारी सकाळी ती घरी आली, फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. मंगल ओट्यापाशी खलबत्त्यात ठेचा कुटत होती. सुजा म्हणाली, आई, जरा थांब, आवाज येतोय. मंगल थांबली.

"पप्पा, ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितली?"

ती माझ्याकडं बघत होती. आठवीत आजारी असताना, मी औषधाची वेळ सांगायचो तेव्हा बघायची तशी. पूर्ण विश्वासानं. कुणीच नाही गं, मीच रचली — एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

"आबांनी," मी म्हणालो. "तुझ्या आजोबांनी."

आणि एकदा सुरू झाल्यावर मी थांबतोय थोडाच? अंगणातला लिंब आला, बाज आली, बाजेवर आबा आले, त्यांच्या पायाशी पाच वर्षांचा मी बसलो. सुजाचे डोळे भरून आले. आबांना तिनं पाहिलेलं नाही, ते तिच्या जन्माआधीच गेले. रेकॉर्डिंग बंद करून ती म्हणाली, "म्हणजे ही आपल्याच घरातली गोष्ट आहे, पप्पा." मी हो म्हणालो.

मंगलनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. आबांची शेवटची तीन वर्षं तिनं काढली आहेत. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते, घाटापलीकडं कधी गेले नाहीत, आणि पोटाच्या दुखण्यापायी तिखटाचा कण त्यांना चालत नव्हता. तिला हे माझ्याहून जास्त माहीत आहे. ती बघत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं आणि ठेचा कुटायला लागली. त्या दिवशी तो फार बारीक झाला होता.

तिनं अजून मला काही विचारलेलं नाही. मी काही सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात प्रबंध जमा झाला. सुजानं एक प्रत आमच्यासाठी बांधून आणली. पहिल्या पानावर लिहिलंय — ही गोष्ट जपणाऱ्या आबांना, आणि ती माझ्यापर्यंत आणणाऱ्या पप्पांना. मी त्या पानावरून हात फिरवला, छान झालंय म्हणालो, आणि ती प्रत जुन्या क्रेडिटच्या फाइलशेजारी ठेवून दिली.