पुढारी नसलेल्या मंडळाचा सिनेमा

पांढुर्ण्यात दर रविवारी दुपारी आमची बैठक भरायची. विषय अराज्यवाद. सरकार नको, पुढारी नको, म्हणून बैठकीला अध्यक्षही नव्हता. खोलीत खुर्ची मात्र एकच होती आणि तिच्यावर कॉलेजातले प्राध्यापक बसायचे. आम्ही पाच-सहा जण सतरंजीवर, बहुतेक सरकारी पगारावर जगणारे. मी स्वतः शाळामास्तर.

सौंसरहून बसने एक मित्र यायचा. तिथल्या एका कार्यालयात तो बरीच वर्षं रोजंदारीवर शिपाई होता. आता कुठे कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला तेवढा यायचा होता. वाचन माझ्याहून दांडगं. प्राध्यापक भावी समाजाचं वर्णन करत असताना त्याने एकदा विचारलं, "सर, त्या समाजात संडास कोण साफ करते जी?" प्राध्यापक म्हणाले, हा तपशिलाचा प्रश्न आहे.

त्या वर्षी गावात व्हिडिओ भाड्याने मिळू लागला. मी माझ्या सहीने मशीन आणि एक इंग्रजी सिनेमा आणला. एक यान काही माणसांना परग्रहावर सोडून जातं आणि ती माणसं राजाविना वस्ती करतात, अशी गोष्ट. कॅसेट इतकी झिजलेली की त्या ग्रहावर सतत मुंग्या फिरताना दिसायच्या. संवाद कोणालाच धड कळत नव्हते. तरी यान उतरलं तेव्हा आम्ही सगळे, प्राध्यापकांसकट, पुढे सरकलो. तत्त्वज्ञानाने इतका आनंद कधी दिला नव्हता.

खिडकीत गल्लीतली माणसं जमली. मग हवालदार आला.

"परवानगीशिवाय व्हिडिओ कोण दाखवून राहिलं?"

प्राध्यापकांनी समजावलं की इथे आयोजक असा कोणी नाही, तत्त्वतःच नसतो.

"तत्त्व ठेवा जी बाजूला. कागदावर नाव लागते."

मशीन माझ्या सहीचं होतं. मी पडद्यावरच्या थांबवलेल्या, थरथरत्या चित्राकडे पाहत राहिलो. आमचं तत्त्व इतकं सोयीचं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"माझं लिहा," मित्र म्हणाला. "लवकर लिहा साहेब, सिनेमा अडकून राहिला."

"इथं नाही. ठाण्यात चाल."

तो चपला घालून गेला. आम्ही दार लावून घेतलं आणि उरलेला सिनेमा पाहिला.

दाखला आला नाही. पंधरा दिवसांनी मी सौंसरला त्या कार्यालयात गेलो आणि मशीन मी आणलं होतं, असं लिहून देतो म्हणालो. बाबूंनी पाणी दिलं.

"यादी जिल्ह्याला गेली, छिंदवाड्याला, गुरुजी. त्याच्या नावाशिवाय. आता कोणाला लिहून देता?"

मित्र मला बसस्टँडपर्यंत सोडायला आला.

"गुरुजी, त्या वस्तीचं मंग काय झालं?"

मी सांगू लागलो. पेरणी, भांडणं, एक लग्न, जेवढं मला समजलं होतं तेवढं. तो मन लावून ऐकत होता.

"आन् यान? आलं का परत?"

ते मला कळलंच नव्हतं. आलं, म्हणून सांगितलं.