तेरड्याची मुळं

परवा गौरीसाठी मंडईतून तेरड्याची जुडी आणली. मुळांना ओली माती होती. तिचा वास आला आणि मी थेट कुंडलच्या डोंगराखाली, आमच्या बांधावर जाऊन पोचले.

नव्वदनंतरची गोष्ट. दरवर्षी गौर माझी थोरली बहीण, अक्का आणायची. त्या उन्हाळ्यात तिचा नवरा, मिल्ट्रीतले दाजी वारले, आणि आई मला म्हणाली, "औंदा तू आण." मी लहान होते, लय खूश झाले. पण मला तेरडा ओळखू येईना, म्हणून अक्का सोबत आली. ती बांधावरच थांबली. मला गवतातली सगळीच फुलं गुलाबी दिसत होती.

"आगं, त्यो न्हवं. दातेरी पान बघ, लालसर देठ बघ. शेंगंला बोट लाव, फुटली की तेरडाच."

शेंग टचकन फुटली, बी हातावर उडालं. मी हसले, तीही हसली.

"मुळं तोडू नगंस. गौरीची पावलं हायती ती."

घाईत एक रोप निसटून तिच्या पायाशी पडलं. ती पटकन वाकली. हात रोपापर्यंत आला आणि तिनं तो मागं घेऊन पदरात गुंडाळला. मला वाटलं, चिखल नको असेल. विधवेचा हात गौरीला चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं.

घरी आईनं उंबऱ्यावर माझ्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मी गौर घेऊन पुढच्या दारानं आत गेले. अक्का परड्यातनं, मागच्या दारानं आली.